करड्या मेंढ्यांचा गाभ

एडक्याच्या छातीला रंग लावायचं काम सुनेचं होतं. सकाळी उन्हं तापायच्या आत ती तेलात कालवलेल्या लाल रंगाचा डबा घेऊन कुंपणात शिरायची, एडक्याची मान गुडघ्यात धरायची आणि पुढच्या दोन पायांच्या मधे, छातीच्या लोकरीत, हाताने रंग चोळायची. काम घाण होतं. रंग नखांत बसायचा तो आठवडाभर निघायचा नाही, आणि त्याच हातांनी घरात पीठ मळायचं म्हणजे आधी राखेनं अर्धा तास हात घासायचे.

एडका मेंढीवर चढला की छातीचा रंग मेंढीच्या पाठीमागे, शेपटीच्या वर, उमटतो. मग कुठली मेंढी लागली ते कुणाला विचारावं लागत नाही. पण नुसती लागून भागत नाही, गाभ धरायला हवा. गाभ धरला नाही तर सतरा दिवसांनी मेंढी पुन्हा माजावर येते, एडका पुन्हा चढतो, पुन्हा रंग उमटतो. त्याला उलटणं म्हणतात. म्हणून दर सतरा दिवसांनी रंग बदलायचा, ही या घराची जुनी शिस्त होती. आधी पिवळा, मग लाल, मग निळा. पिवळ्यावर लाल दिसला की मेंढी उलटली. पिवळ्यावर काहीच दिसलं नाही की भरली. आंधळ्यालाही कळावं असा हिशेब.

या वर्षी डबा एकच होता. लाल.

"अहो, निळा आणा की एक डबा," ती नवऱ्याला म्हणाली. "म्हणजे पुढच्या पाळीला कळेल."

"आणतो," नवरा म्हणाला.

हे 'आणतो' तिच्या ओळखीचं होतं. त्यात आणणं सोडून सगळं असायचं.

नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत. तो कुठल्या शाळेत शिकवत नव्हता, उलट शाळेनंच त्याला दोनदा परत पाठवलं होतं. पण मेंढ्यांच्या बाबतीत कुणी काही विचारो न विचारो, मास्तर समजावून सांगायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने पैदास केंद्रातून थंड मुलखातल्या जातीच्या बावीस पांढऱ्या मेंढ्या आणल्या आणि त्यांच्याच जातीचा एक एडका. दिसायला खरंच देखण्या. भरदार अंग, जाड लोकर, आणि केंद्रातला माणूस म्हणाला होता, एकेक मेंढी दोन दोन कोकरं देईल. घरच्या करड्या मेंढ्या त्यांच्यापुढे मोलकरणींसारख्या दिसायच्या. लहान चणीच्या, पोटाखाली लोकर नाही, तोंड सदा खाली. अशा एकोणीस होत्या. त्यांचा एडका मास्तरनं विकून टाकला. म्हणाला, एका घरात दोन नवरदेव कशाला.

पण ही दोन कुळं वेगळी होती. करड्यांना वर्षाचे बारा महिने सारखे. पोटाला मिळालं की कधीही माजावर यायच्या. पांढऱ्या मात्र दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय एडक्याकडे बघतही नव्हत्या. हे मास्तरला पाठ होतं, चारचौघांना तो सांगायचाही. तरी या वर्षी त्यानं भर उन्हाळ्यात एडका सोडला. इतरांच्या आधी आपली कोकरं बाजारात जावीत, एवढाच त्यात विचार होता. पांढऱ्या नाही आल्या तर नाही, करड्या तर येतील.

करड्या आल्या. एडकाही चढला. पण तो थंड मुलखातला जीव. दुपारी भिंतीच्या सावलीला जीभ काढून पडायचा, बरगड्या भात्यासारख्या हलायच्या. सतरा दिवसांनी सगळ्या करड्या पुन्हा आल्या. पुन्हा सतरा दिवसांनी पुन्हा. असं चार पाळ्या झालं. सून रोज चारा-खोलीच्या दारावर खडूनं रेघ मारायची.

"उन्हानं त्याचं बीज मेलंय," म्हातारा म्हणाला. म्हातारा म्हणजे सासरा. गोठ्याच्या दाराशी बाकड्यावर बसून असायचा. "त्याच्यात काही नाही आत्ता. नुसता चढतोय."

"आबा, एडका लाखात एक आहे," मास्तर म्हणाला. "दोष असलाच तर या करड्यांत आहे. म्हाताऱ्या झाल्यात."

"म्हाताऱ्या झाल्या म्हणजे लगेच दोष त्यांचा का?" म्हातारा म्हणाला. मास्तरनं ते ऐकलं नाही असं दाखवलं.

या म्हाताऱ्याच्या हाताची आसपास ख्याती होती. मेंढीला उभी करून तो मागून वाकायचा, दोन्ही पंजे पोटाखाली घालायचा, डोळे मिटायचा, आणि दोन महिन्यांचा गाभसुद्धा सांगायचा. लांबून लोक त्याला बोलवायला यायचे. मागच्या हिवाळ्यात त्याला झटका आला. तोंड वाकडं झालं ते सरळ झालं, पाय ओढत का होईना चालायला लागला, बोलणं परत आलं. घरात सगळे म्हणाले, वाचला.

सुनेला तेवढ्यावर विश्वास नव्हता. एका सकाळी तिने त्याला चहा दिला. काचेचा पेला, चहा नुकता उकळलेला. म्हाताऱ्यानं पेला मुठीत धरला आणि धरूनच बसला. बोलत राहिला. तिनं झटकन पेला काढून घेतला तेव्हा तळव्याची कातडी लाल झाली होती आणि म्हातारा तिच्याकडे, असं का केलंस, या नजरेनं बघत होता. मग त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. दुसरा हात तिने चिमटून बघितला. त्यातही काही नव्हतं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"तेव्हापासूनच."

तिनं मलम लावलं. तो हात तिच्या हातात देऊन दुसरीकडे बघत होता.

"कुणाला सांगू नकोस, पोरी," तो म्हणाला. "त्याला तर मुळीच नको."

"नाही सांगत, मामंजी."

तिला फार वाईट वाटलं. माहेरी तिचा बाप लहानपणीच गेलेला. या म्हाताऱ्यानं तिला मेंढरांचं सगळं शिकवलं होतं, तेही कधी आवाज न चढवता. त्याच्यासाठी एवढं तर ती करूच शकत होती.

ऊन उतरलं. आभाळ आलं, एकदोन सरी पडल्या, पुरत्या नाहीत, पण हवा गार झाली. एडक्याला जरा जीव आला. करड्या पाचव्यांदा माजावर आल्या, तिने पाचव्यांदा रेघांचा हिशेब नव्यानं सुरू केला. सतरा दिवस झाले. अठरावा गेला, विसावा गेला. एडका करड्यांच्या मागे जायचा, हुंगायचा, वरचा ओठ उचलून आभाळाकडे बघायचा आणि परत सावलीला येऊन बसायचा. चौतीस दिवस झाले तरी तेच. ती आनंदानं नवऱ्याकडे धावली.

"अहो, करड्यांनी धरलं. बहुतेक सगळ्यांनी."

मास्तर कुंपणाशी आला. एकोणीसच्या एकोणीस मेंढ्यांच्या शेपटीवर लाल रंग होता.

"हे काय मग?"

"तो जुना आहे."

"जुना आणि नवा कसा कळतो? एकच रंग आहे."

"तेच तर तुम्हाला सांगत होते, निळा आणा म्हणून." तिनं एका मेंढीची लोकर चोळून दाखवली. "हे बघा, कोरडा आहे. भुगा पडतो. ताजा असता तर बोटाला लागला असता."

"धूळ बसली की ताजाही कोरडा होतो." त्याने दोन मेंढ्या सोडून तिसरीला हात लावला. बोटाला तेलकट लाल लागलं. "ही बघ. ही कालच लागलीय."

"ही एक उलटली असेल. सगळ्या नाही."

"मागच्या वर्षीही असंच म्हणाली होतीस," मास्तर म्हणाला.

मागच्या वर्षी सहा मेंढ्या भरल्यात म्हणून तिने हट्टानं ठेवून घेतल्या होत्या. सहाही भाकड निघाल्या आणि एक मोसम फुकट खाऊन गेल्या. तेव्हा तिच्याही नजरेनं दगा दिला होता. त्यामुळे या वर्षी तिची स्वतःवरही पूर्ण खात्री नव्हती, आणि खात्री नसलेल्या माणसाचा आवाज लगेच ओळखू येतो.

पाऊस पुन्हा आलाच नाही. कुरणातलं गवत घोट्याएवढं असतानाच पिवळं पडलं. चारा-खोलीत मागची भिंत दिसायला लागली. एकेचाळीस तोंडं आणि एक एडका, एवढ्यांना पुरेल असं तिथं काही नव्हतं. सून आणि मास्तर पहाटे उठून ओढ्याच्या काठचा पाला विळ्यानं कापून आणायचे. तिच्या तळहातांना भेगा पडल्या. लाल रंग त्या भेगांत जाऊन बसला होता. पांढऱ्या मेंढ्या दुप्पट खायच्या. करड्या काटक्यासुद्धा चावायच्या.

"निम्मी कमी करायला लागतील," एके दुपारी मास्तर म्हणाला. "करड्या काढू."

"पांढऱ्यांना अजून एकही डाग नाही," ती म्हणाली. "त्या काय करतात इथं? नुसत्या खातात."

"दिवस लहान व्हायला लागलेत. महिनाभरात येतील. त्यांचा हंगाम ठरलेला आहे. ज्यांचा ठरलेला नाही त्यांचं काही खरं नाही."

"वीस दिवस थांबा. वीस दिवसांत पोट दिसायला लागेल, मग तुमचं तुम्हालाच कळेल."

"वीस दिवस काय खातील? माझं डोकं?"

मग त्याने डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. तो दुष्ट माणूस नव्हता. उलट त्याला आपण न्यायानं वागतो असं दाखवायची फार हौस होती.

"हे बघ. तू म्हणतेस भरल्या. मी म्हणतो रिकाम्या. आपण दोघांनी भांडायचं कशाला? आबा आहेत. आबांनी हात लावावा. आबा म्हणतील ती ठेवू, आबा म्हणतील ती काढू. मग तर झालं?"

बाकड्यावरून म्हातारा सगळं ऐकत होता.

"आता नको रे मला," म्हातारा म्हणाला. "कमरेला त्रास होतो वाकायला."

"मी धरतो की तुम्हाला. आबा, तुमच्याइतका हात आहे कुणाचा?"

म्हाताऱ्यानं सुनेकडे पाहिलं. एक क्षणच. मग काठी टेकून उठला.

मास्तरनं पहिली करडी दाराच्या खाचेत अडवून धरली. म्हातारा वाकला, दोन्ही पंजे पोटाखाली घातले, डोळे मिटले. सून मेंढीची मान धरून उभी होती. त्याची बोटं पोटाच्या बाजूला नुसती टेकली होती, दाबत नव्हती, शोधत नव्हती. पूर्वी तो हात घालायचा तेव्हा मेंढी पाठ आक्रसायची. ही मेंढी रवंथ करत उभी राहिली.

"रिकामी," म्हातारा म्हणाला.

मास्तरनं तिच्या कानाला सुतळी बांधली आणि पलीकडे सोडली.

दुसरी. "रिकामी." तिसरी. "रिकामी." म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला. चौथीच्या वेळी त्याने जरा जास्त वेळ लावला. सुनेला वाटलं, आता बोलावं. एकच वाक्य होतं. मामंजींच्या हाताला कळत नाही. एवढं म्हटलं की सगळं थांबलं असतं. तिने तोंड उघडलं.

"मामंजी, बसा जरा. दमलात," ती म्हणाली.

"नाही दमलो."

"आबांना मधे तोडू नकोस," मास्तर म्हणाला. "रिकामी का, आबा?"

"रिकामी."

दोन मेंढ्यांना तो 'भरलीय' म्हणाला. पाणी पिऊन टम्म झालेल्या दोन मोठ्या पोटांच्या होत्या त्या. त्या दोन ऐकून मास्तरची खात्री आणखी पक्की झाली. सगळ्यांना सरसकट रिकामी म्हणाले असते तर त्यालाही शंका आली असती. शेवटची मेंढी झाली. सुनेनं त्याला धरून बाकड्यावर आणलं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने मान खाली घातली आणि त्याच्या हातांवरची लोकर पुसली. आपण वचन पाळलं, असं तिने स्वतःला बजावलं. बरं मात्र वाटलं नाही.

सतरा मेंढ्या दुसऱ्या दिवशी उजाडताच निघाल्या. ती पुढे, मास्तर मागे. मेंढ्यांना तिच्या पावलांची सवय होती, त्यामुळे हाकायला त्रास झाला नाही. कत्तलखाना गावाबाहेर होता. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची उतरती फरशी, मधोमध पाण्याची नाली. खाटीक जाडजूड, पण बोलायला मऊ माणूस होता. पैसे तो सोललेल्या मेंढीच्या वजनावर द्यायचा, म्हणून माल आणणाऱ्यानं बाहेर थांबायची पद्धत होती. दोघं दगडावर बसून राहिली. आतून आवाज येत होते, मग येईनासे झाले. नंतर फक्त पाण्याचा आवाज यायला लागला.

बऱ्याच वेळानं खाटीक दारात आला. कोपरापर्यंत हात ओले होते.

"मास्तर, जरा इकडे या."

मास्तर उठला. तीही उठली.

"वहिनींना नको," खाटीक म्हणाला. ती तरी गेली.

लोखंडी टेबलावर एक पिशवी होती, पातळ, निळसर. खाटकानं सुरीच्या टोकानं ती फाडली. आत पाण्यात उंदराएवढं कोकरू होतं. अंगावर एक केस नाही. पण पाय पुरते झालेले. चारी खूर दिसत होते, पिवळे, मऊ. डोळे मिटलेले.

"एखादी येते चुकून," खाटीक म्हणाला. "मी काही बोलत नाही. पण या..." त्याने मागे बोट दाखवलं. बादली होती. "सतरातल्या पंधरा. चौघींना तर जुळी आहेत."

"थांबवा," मास्तर म्हणाला.

"काय थांबवू?"

सतराही मेंढ्या लोखंडी आकड्यांना टांगलेल्या होत्या.

"गाभण आणायच्या नसतात हो," खाटीक हळू आवाजात म्हणाला. पलीकडे दोन माणसं आतडी धूत होती, त्यांच्यातला एक हसला. "तुम्ही तर लोकांना शिकवता."

मास्तर बाहेर जाऊन भिंतीला धरून ओकला. सून बादलीपाशी वाकली. तिला मोजायचं नव्हतं, तरी तिने मोजली. टेबलावरचं धरून एकोणीस भरली. तेवढ्याच करड्या होत्या घरी सुरुवातीला. तिला रडू आलं नाही, त्याऐवजी राग आला. तो राग नवऱ्यावर होता, रंगावर होता, सगळ्यात जास्त त्या एका वाक्यावर होता जे दाराच्या खाचेपाशी तिच्या तोंडात आलं होतं आणि दुसरंच होऊन बाहेर पडलं होतं.

परतताना अर्धी वाट सरली.

"आबांचा हात कधी चुकला नव्हता," मग मास्तर म्हणाला.

ती चालत राहिली.

"त्यांना सांगायचं नाही. रिकाम्या निघाल्या म्हणायचं. उगाच खचतील."

"बरं," ती म्हणाली.

"आणि निळा डबा मी आणायला हवा होता." हे तो रस्त्याकडे बघत म्हणाला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आपली चूक त्याने पहिल्यांदाच कबूल केली. तिला त्याचं काही वाटलं नाही.

घरी पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. म्हातारा बाकड्यावर होता. सकाळपासून उठलेलाच दिसत नव्हता, जेवणाचं ताट तसंच झाकलेलं होतं.

"काय निघालं?" त्यानं विचारलं.

"रिकाम्या होत्या, आबा," मास्तर म्हणाला. "तुमचं बरोबर होतं." आणि विळा घेऊन तो लगेच ओढ्याकडे गेला, म्हाताऱ्याला पुढचं काही विचारायची संधी न देता.

सून ताट उचलायला वाकली.

"खरं सांग," म्हातारा म्हणाला.

तिने ताट खाली ठेवलं. "पंधरा भरलेल्या होत्या. चौघींना जुळी."

म्हातारा पांढऱ्या मेंढ्यांकडे बघत बसला. त्यांच्यात त्या दोन करड्या कोपऱ्याला अंग चोरून उभ्या होत्या.

"माझ्या हाताला काही लागत नव्हतं," तो म्हणाला. "लाकडावर हात ठेवावा तसं."

"मला माहीत होतं, मामंजी."

"तुला माहीत होतं, हे मला माहीत होतं."

तिला वाटलं, आता तो तिला जवळ घेईल, डोक्यावरून हात फिरवेल, तू माझी लाज राखलीस म्हणेल. रस्ताभर तिने तेवढीच एक आशा धरली होती. म्हाताऱ्यानं मान वर केली. डोळे कोरडे होते, पण ओठ त्या हिवाळ्यात वाकडे झाले होते तसेच पुन्हा वाकडे झाले होते.

"प्रत्येक मेंढीपाशी मला वाटत होतं," तो म्हणाला, "की आता तू बोलशील."

मग पांढऱ्या मेंढ्या पाण्यासाठी ओरडायला लागल्या, म्हणून तिने बादली उचलली आणि विहिरीकडे गेली.